पंधरा रुपयांचं अंडं

24 जुलै 2025, दिव्यांची अवस

उद्यापासून श्रावण, म्हणून सकाळी सातपासून फोन. कोथरूडच्या आमच्या गिऱ्हाइकांतली निम्मी घरं महिनाभर अंडी बंद करतात आणि त्याआधी आजच्या दिवशी भरपूर मागतात. होते नव्हते तेवढे ट्रे गेले. कोंबड्या उद्याही तेवढंच खातील आणि तेवढीच अंडी घालतील, तेव्हा पुढचा महिना ओढाताणीचा.

फोनवर जवळजवळ प्रत्येकाने विचारलं, "गावरानच आहेत ना?" मी दर वेळी सांगते, जात सुधारित आहे, परसात पाळायची, दिवसभर मोकळी फिरते, रात्री गादीवर म्हणजे तुसावर असते. समोरच्याला एवढं ऐकायचं नसतं, "हो" ऐकायचं असतं. कोंबड्या कुठे राहतात, हे आज एकानेही विचारलं नाही.

गावरान अंडं लोक टरफलाच्या रंगावरून ओळखतात. पण टरफलाचा रंग जातीवर ठरतो. जन्मभर पिंजऱ्यात राहिलेली संकरित कोंबडीसुद्धा तपकिरी अंडं घालते. बलक केशरी होतो तो पिवळ्या मक्याने, हिरव्या पाल्याने, नाहीतर खाद्यात मिसळलेल्या झेंडूच्या अर्काने. लोक ज्या खुणांवर विसंबून दुप्पट पैसे मोजतात, त्यांतली एकही खूण कोंबडी कशी जगली ते सांगत नाही. पैसे द्यायची तयारी आहे, फक्त ती कोंबडीपर्यंत पोचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

2 ऑगस्ट

"दुकानात सातला मिळतं, तुमचं पंधराला. वरचे आठ रुपये कशाचे, ताई?" एका वहिनींनी आमच्या शनिवारच्या विक्रीच्या टेबलापाशी उभं राहून सरळ विचारलं. असा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं. तिथे जमेल तेवढं सांगितलं. रात्री वहीत नीट मांडलं, ते असं.

कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे वर्षाला 40 किलो. अंडं घातलं काय, न घातलं काय, पोट तेवढंच. पिंजऱ्यातली पांढरी लेगहॉर्न वर्षाला 300च्या वर अंडी देते. एका अंड्यामागे साधारण 130 ग्रॅम खाद्य. आमच्या जातीची 180 धरली तर अंड्यामागे सव्वादोनशे ग्रॅम. पिंजऱ्याची जाळी उतरती असते, अंडं आपोआप पुढे घरंगळत येतं. आमच्याकडे आई आणि मी सकाळी खोकी बघतो, मग करवंदीच्या जाळीखाली, मग सरपणाच्या मागे. एकीने तिथे घालायला सुरुवात केली की चार जणी तिच्या मागे जातात. तूस दर दोन दिवसांनी खालीवर करायचं, ओल धरली तर चुना मारायचा. दाराशी कायम कुणीतरी हवं. आठ रुपये त्यात जातात, आणि काही आमच्या घरखर्चात. तेही सांगितलं.

अस्सल देशी कोंबडी तर वर्षाला 60 ते 80च अंडी घालते आणि मधे खुडूक होऊन बसते. विकतच्या खाद्यावर तिला पाळलं तर पंधरालाही परवडणार नाही. मग शहरात रोज ट्रेच्या ट्रे गावरान अंडी येतात कुठून? गिऱ्हाइकाने हा प्रश्न प्रत्येक विकणाऱ्याला विचारायला हवा, मलासुद्धा.

वहिनींनी डझनाऐवजी सहा घेतली.

9 ऑगस्ट, राखी पौर्णिमा

भाचीचा जर्मनीहून फोन. तिला म्हटलं, तुझ्या फ्रिजमधल्या अंड्याचा फोटो पाठव. तिला हसू आलं, पण पाठवला. टरफलावरच लाल शाईने छापलंय: 1, मग डीई, मग लांबलचक आकडा. पहिला आकडा कोंबडी कशी ठेवली त्याचा. 0 म्हणजे सेंद्रिय, 1 म्हणजे मोकळ्या रानात फिरणारी, 2 म्हणजे शेडच्या आत पण पिंजऱ्याबाहेर, 3 म्हणजे पिंजरा. मग देश, मग पोल्ट्रीचा नंबर. 2004 पासून युरोपीय संघात हा शिक्का सक्तीचा आहे. जुन्या पद्धतीचे उघडेबोडके पिंजरे तिथे 2012 च्या 1 जानेवारीपासून बंद झाले. त्यासाठीचा कायदा 1999 मध्येच झाला होता, म्हणजे पोल्ट्रीवाल्यांना तयारीला बारा वर्षं मिळाली.

"मावशी, इथे दुकानात 3 नंबरचं अंडं दिसतच नाही," भाची म्हणाली. दुकानदारांनीच ती ठेवायची बंद केली. मी फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. एका आकड्यात सगळं आलंय. गिऱ्हाइकाला माझा चेहरा वाचावा लागत नाही, माझ्या गोड बोलण्यावर जायचं कारण नाही. तिथेही फसवाफसवी होत असणार. पण फसवलं तर कुणाकडे बोट दाखवायचं ते त्या अंड्यावरच लिहिलेलं आहे.

आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असतो, मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण असतो. आपल्या पोटात काय जातंय ते कळतं. जनावराचं कसं चाललंय यासाठी खूणच नाही.

22 ऑगस्ट, पोळा

माहेरी गेले होते. भावाच्या दोन्ही खिलारी बैलांना झूल, बाशिंगं, पुरणपोळीचा घास. गोठ्यात दोन संकरित गाई आहेत, त्यांना आज ओवाळलं नाही. घर मात्र चालतं त्यांच्या दुधावर. भावाने डेअरीची पावती दाखवली: लिटर, फॅट, एसएनएफ, दर. गाय दिवसभर दाव्याला होती की मोकळी, तिच्या खाली रबरी मॅट होती की शेण, वासराला किती दूध सोडलं, याला पावतीवर जागा नाही. यंदा त्याने मुक्त गोठा केला, तारेचं कुंपण घालून गाई मोकळ्या सोडल्या. त्याचा त्याला एक पैसा जास्त मिळत नाही. तो म्हणतो, कासेची दगडी कमी झाली, एवढं बास.

गावातलाच एक जण देशी गाईचं म्हणून दूध दुपटीने पुण्यात घालतो. त्याच्या बाटलीवर 'ए टू' छापलंय. गेल्या वर्षी याच आठवड्यात, 21 ऑगस्टला, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ए वन-ए टू असले दावे पाकिटावरून काढा म्हणून सांगितलं आणि 26 तारखेला तोच आदेश मागे घेतला. गिऱ्हाइकाने यातून काय समजायचं? ज्या दाव्यासाठी लोक दुप्पट देतात तो खरा की खोटा, हे पाच दिवसांत दोन्ही बाजूंनी फिरलं. आणि त्या सगळ्या चर्चेत गाय कशी ठेवली जाते याबद्दल कुणी शब्दही काढला नाही. प्रथिनाचा प्रकार बाटलीवर येतो. गाईच्या पायातलं दावं येत नाही.

13 सप्टेंबर

पितृपक्ष. गर्दी नव्हती, म्हणून आज एक गोष्ट करून पाहिली. वर्तमानपत्राचा 22 सेंटीमीटर बाय 25 सेंटीमीटर तुकडा कापून पुठ्ठ्यावर चिकटवला आणि टेबलावर ठेवला. 550 चौरस सेंटीमीटर. केंद्र सरकारने 2023 मध्ये अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी नियम केले, त्यात एका कोंबडीला कमीत कमी एवढी जागा ठरवली आहे, आणि जुन्या पोल्ट्र्यांना त्यासाठी 2030 पर्यंत मुदत दिली आहे. त्याआधी 2017 मध्ये विधी आयोगाने याच विषयावर आपला 269 वा अहवाल दिला होता. म्हणजे अहवाल, नियम, मुदत धरून तेरा वर्षं, आणि हाती हा पुठ्ठा.

लोक थांबले. कुणी त्यावर तळहात ठेवून बघितलं. एका आजोबांनी खिशातून चष्मा काढला, पुठ्ठ्यावर ठेवला, बाजूला मोबाइल, किल्ल्या. झालं, भरला. एका शाळकरी मुलीने त्यावर दोन्ही पावलं जोडून उभं राहून पाहिलं आणि आईला म्हणाली, "वळता येतं गं, पण पडायला होतं."

तिला सांगितलं की हे खरंच कुणीतरी मोजलेलं आहे. 1989 मध्ये ब्रिटनमध्ये मारियन डॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने कोंबड्यांचे वरून फोटो घेऊन कुठल्या हालचालीला किती जागा लागते ते काढलं. नुसतं वळायला 770 चौरस सेंटीमीटरच्या पुढे. पंख फडफडवायला 860 पासून जवळजवळ दोन हजार. म्हणजे नव्या नियमाच्या पुठ्ठ्यावर कोंबडी शेजारणीला ढकलल्याशिवाय पाठसुद्धा फिरवू शकत नाही.

दोन ऑगस्टच्या वहिनी आल्या होत्या. पुठ्ठा हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. आज त्यांनी डझन घेतली. किमतीबद्दल काही बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्या कोंबडीला किती?" मी म्हटलं, या आणि मोजा.

20 सप्टेंबर

एका बेकरीत गेले होते. मोठी बेकरी, केक, खारी, नानकटाई. रोज शेकड्यांनी अंडी फुटतात तिथे. मालक सभ्य माणूस, चहा दिला, ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, केकमध्ये कोंबडी दिसत नाही. गिऱ्हाईक क्रीम बघतं. मी तुमचं अंडं घातलं तर केक महाग होईल आणि का महाग झाला ते मला सांगताही येणार नाही."

त्याचं बोलणं बिनतोड आहे. भाचीच्या त्या शिक्क्याचंही तेच होतं. अख्ख्या अंड्यावर आकडा असतो. तेच अंडं शेवयांत, बिस्किटात, मेयोनीजमध्ये गेलं की आकडा टरफलाबरोबर कचऱ्यात. दुकानाच्या फळीवरून 3 नंबर गेला तरी तयार खाण्यात पिंजऱ्यातलं अंडं येतच राहिलं. आपल्याकडे भुर्जीची गाडी, हॉस्टेलची मेस, हॉटेलातली अंडा करी, बेकरी. जिथे अंडं गिऱ्हाइकाच्या हातात न येता पोटात जातं, तिथे निवड करायला कुणी उरतच नाही, आणि सगळ्यात स्वस्त ते वापरलं जातं. माझ्या शनिवारच्या टेबलाने यातलं काहीच बदलणार नाही. हे मला नीट समजून घ्यायला हवं.

28 सप्टेंबर

चार दिवस पाऊस थांबत नाही. पहाटे मुंगसाने घात केला. शेडच्या मागच्या बाजूला जोत्याची माती वाहून गेली होती, तिथून आत शिरलं. तीन मेलेल्या, एक अर्धवट. भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, तिला सोडवली. मला ते जमत नाही.

दुपारी पशुवैद्य आले. लसीकरण मानमोडीचं होतं, तरी त्यांनी सगळ्या पाहिल्या. ते मला कधी लाडीगोडी लावत नाहीत. म्हणाले, "पिंजऱ्यात मुंगूस नाही, जंत नाही, रानपाखरांची विष्ठा नाही. तुमच्या जास्त मरतात, हे मान्य करा." आहेच मान्य. 2006 मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आला आणि तिथल्या लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तेव्हापासून मोकळ्या कोंबड्यांकडे साथीच्या काळात सगळेच संशयाने बघतात, आणि रानपाखरं मिसळतात हे खरंच आहे. मी एवढंच म्हणते की मागची माती पडली तर ती बांधता येते, जाळी खोल गाडता येते, साथ आली तर काही आठवडे आत ठेवता येतात. धुळीत लोळणं, पायाने उकरणं, अंधाऱ्या कोपऱ्यात अंडं घालायला जागा शोधणं, संध्याकाळी उंच बांबूवर जागेसाठी भांडणं, हे पिंजऱ्याला कुठल्याही दुरुस्तीने जोडता येत नाही.

शनिवारी विचारलं तर सांगणार. तीन मेल्या, कशा ते पण.

10 ऑक्टोबर, जागतिक अंडी दिन

गावच्या शाळेत गेले होते. मुख्याध्यापिकेशी जुनी ओळख. राज्य सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं होतं. यंदा जानेवारीत त्याचा निधी थांबवला. बाई म्हणाल्या, अंड्याच्या दिवशी हजेरी वाढायची. एक मुलगा अर्धं खाऊन उरलेलं बहिणीसाठी खिशात घालायचा.

त्या मुलाचं अंडं पंधरा रुपयांचं व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. त्याच्या आईला 'कोंबडीचा विचार करा, जास्त पैसे द्या' असं कुणी सांगू नये. ज्याला परवडतं त्याच्या खिशावर कोंबडीचं भलं सोपवलं, तर मोजक्या कोंबड्या सुटतील आणि बाकीच्या जाळीवर उभ्या राहतील. रात्री याचाच विचार करत होते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात 2008 साली लोकांसमोर प्रश्न ठेवला होता की कोंबडीला वळता, पंख पसरता येईल एवढी जागा द्यायची सक्ती करायची का. 63 टक्क्यांहून जास्त लोकांनी होय म्हटलं. त्याच सुमाराला दुकानात पिंजऱ्याबाहेरची अंडी घेणारे मात्र थोडकेच होते. अर्थतज्ज्ञ यावर वाद घालतात: दुकानातला माणूस खरा की मतदान करणारा? मला वाटतं दोन्ही खरे. दुकानात बाई एकटी उभी असते, तिने एकटीने जास्त दिले म्हणून काय होणार हे तिला माहीत असतं, वेष्टनावर विश्वास नसतो आणि महिन्याचा हिशोब डोक्यात असतो. मत देताना ती म्हणते, सगळ्यांना एकच नियम लावा, मग मीही देईन. 2018 मध्ये त्यांनी आणखी कडक कायदा केला आणि 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

तेव्हा दोन्ही हवं. खालची पायरी कायद्याने, सगळ्यांना सारखी, त्या पुठ्ठ्यापेक्षा मोठी; आणि शाळेच्या अंड्याचा वाढीव खर्च सरकारने सोसायचा, पोराच्या आईने नाही. त्याच्या वरच्या पायऱ्या ज्यांना परवडतात त्यांनी चढाव्यात, पण डोळे उघडे ठेवून.

26 ऑक्टोबर

दिवाळी आटोपली. आज पुण्याहून काही घरं कोंबड्या बघायला आली. वहिनी शिवणाची टेप घेऊन आल्या होत्या. त्यांनी खरोखर शेडची लांबी-रुंदी घेतली, भाऊजींना कोंबड्यांची संख्या विचारली, मोबाइलवर भागाकार केला आणि आकडा मोठ्याने वाचला.

सध्या बऱ्याच जणी पिसं टाकताहेत. मानेवर, पाठीवर उघडी कातडी, मधूनच नवी पिसं काट्यांसारखी. एका काकूंना वाटलं रोग आहे; त्यांचा चेहरा पडला. मोकळी कोंबडी म्हणजे चित्रातली तुकतुकीत, असं मनात असतं. त्यांना एक हातात दिली, पिसाची नळी दाखवली. काकूंनी तिच्या पायाचे तळवे बघितले, स्वतःहून. जाळीवर उभं राहून पाय सुजतात हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. तळवे स्वच्छ होते.

सगळ्यात कठीण प्रश्न एका कॉलेजच्या मुलीने विचारला. "यांचे भाऊ कुठे आहेत?" अंड्याच्या जातींचे नर हॅचरीतच पहिल्या दिवशी मारले जातात; त्यांना वाढवून मांसाचे पैसे सुटत नाहीत. जर्मनीने 2022 च्या सुरुवातीपासून त्यावर बंदी घातली, तिथे आता अंड्यातच नर-मादी ओळखतात. आमची जात दुहेरी उपयोगाची आहे, म्हणून आम्ही नरही घेतो, चार-पाच महिने वाढवतो आणि खाटकाला देतो. अंडी देऊन थकलेल्या कोंबड्याही शेवटी तिथेच जातात. हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं. आजूबाजूचे गप्प झाले. ती मुलगी म्हणाली, "मग मी अंडी घेणार नाही, पण सांगितलंत ते बरं केलंत." तिचा निर्णय मला पटतो, तिने माहीत करून घेऊन केला. बाकीच्यांनी घेतली. एका काकांनी जाताना विचारलं, "हे सगळं न सांगता चाललं असतं की?" चाललं असतं. इतरांचं चालतंच आहे.

9 नोव्हेंबर

वहिनी, पुठ्ठ्यावर चष्मा ठेवणारे आजोबा (बँकेतून निवृत्त झालेत) आणि शेजारच्या वाडीतले दोघे कोंबडीवाले, असे ओट्यावर बसलो. सेंद्रिय शेतमालासाठी सरकारची पीजीएस नावाची व्यवस्था 2011 पासून आहे. गावातले शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात आणि एकमेकांची हमी घेतात. मोठ्या प्रमाणपत्राचा खर्च लहान माणसाला झेपत नाही, म्हणून ती निघाली. आम्ही म्हटलं, तसंच कोंबडीसाठी करू, पण गटात गिऱ्हाईकही हवं. विकणारे विकणाऱ्यांना तपासतील तर ओळखीपाळखीत झाकपाक होणारच.

बराच वाद झाला. वाडीतल्याला 'न सांगता येणं' मान्य नव्हतं. घरात लग्नकार्य असतं, माणूस आजारी असतो. आजोबा ठाम: आधी कळवून आलं तर तपासणीला अर्थ नाही. शेवटी ठरलं की वर्षातून काही फेऱ्या न सांगता, आणि घरात अडचण असेल तर पाहुण्याने शेड बघून चहा न घेता जायचं. कागदावर काय बघायचं ते वहिनींनी लिहून घेतलं: टेपने जागा, पाण्याची भांडी, तूस ओलं की कोरडं, पायाचे तळवे, चोच कापली आहे का, संध्याकाळी सगळ्यांना बसायला बांबू पुरतात का, नरांचं काय केलं.

कुणी पास झालं तरी अंड्यावर काय लिहायचं हे अजून ठरलेलं नाही. 'गावरान' नको यावर मात्र एकमत झालं.

30 नोव्हेंबर

पहिली न सांगता फेरी काल झाली, शेजारच्या वाडीत. तूस ओलं निघालं, दोघींच्या पायाला सूज. त्या कोंबडीवाल्यांचं नाव महिनाभर यादीतून खाली; अंडी ते बाजारभावाने इतरत्र घालतील. ते चिडले, मग आज सकाळी भाऊजींकडे चुना मागायला आले.

गटाने हे गिऱ्हाइकांना कळवलं तेव्हा मला भीती होती की सगळ्यांचीच मागणी पडेल. दोन घरं गेली, म्हणाली आता कुणाचंच खरं वाटत नाही. पाच घरं नवी आली, त्याच बातमीमुळे. त्यांतल्या एका बाईंनी विचारलं की फेरीला त्यांना येता येईल का. भाव एक रुपयाने वाढवावा लागला, प्रवासखर्च निघायला. त्यावर कुणी हरकत घेतली नाही, पण हिशोब मागितला. उद्या लिहून पाठवते.

आजोबांचं म्हणणं, टेबलावर फळा लावायचा आणि दर शनिवारी तीन आकडे लिहायचे: कोंबड्या किती, अंडी किती, मेल्या किती. भाऊजी म्हणाले, "वहिनी, मेलेल्या कशाला?" त्यांना म्हटलं, तो आकडा नसला तर पहिल्या दोनांवर कुणी का विश्वास ठेवावा. त्यांनी फळ्यासाठी पत्रा कापायला घेतला आहे.

मुख्याध्यापिकेला पत्र लिहायचं राहिलं. गटातल्या नव्या घरांनी मिळून शाळेला आठवड्याला एक ट्रे द्यायचं कबूल केलंय. निधी परत सुरू करा म्हणून जिल्हा परिषदेकडे अर्जही त्याच पाकिटात घालायचा आहे.